चिन्हांसकट

कारभारींनी स्टेजच्या पायरीपाशी चपला काढल्या. प्राचार्या मोनाली मॅडम वरून हात हलवत "असू द्या, असू द्या" म्हणत होत्या, पण माइक ठेवलेल्या जागी पायात वहाणा घालून उभं राहणं त्यांच्या मनाला पटेना. चपला एकमेकींना चिकटवून नीट ठेवल्या, डोक्यावरचं पागोटं दोन्ही हातांनी दाबून बसवलं आणि ते वर चढले.

ज्ञानेश्वरी सभागृहाच्या कडेला, सातवीच्या मुलांच्या रांगेपाशी उभी होती. शाळेचा आजी-आजोबा दिन होता. ती या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि तिची मुलगी संस्कृती इथेच चौथीत होती, त्यामुळे वडिलांना, कारभारींना, पिशोरहून बोलावणं भाग होतं. आधीच्या वर्षी तिने काहीतरी निमित्त काढून ते टाळलं होतं. यंदा संस्कृतीने परस्पर आबांना फोन लावला आणि आबा आदल्या दिवशीच एसटीने येऊन हजर झाले.

तिने त्यांची तयारी करून घेतली होती. बोलायचं थोडकंच, आणि मराठीतच: मेंढ्यांची लोकर कशी कातरतात, घोंगडी कशी विणतात. अशा गोष्टी शहरातल्या मुलांना आवडतात आणि मोनाली मॅडमना तर फारच आवडतात. ज्ञानेश्वरीने त्यांच्यासाठी पांढराशुभ्र नवा सदराही आणला होता. एवढी काळजी घेतल्यावर काही बिघडण्यासारखं उरलं नाही, असं तिला वाटत होतं.

कारभारींनी माइकलाच नमस्कार केला. छाती भरून श्वास घेतला आणि डोळे मिटले.

"माय फादर इज अ बँक ऑफिसर फुलस्टॉप," ते म्हणाले. "ही इज टॉल कॉमा हँडसम कॉमा अँड हेल्दी फुलस्टॉप."

काय चाललंय ते कुणाच्याच लक्षात येईना. मग सातवीच्या रांगेतून पहिलं हसू फुटलं आणि बघता बघता मागच्या खुर्च्यांपर्यंत गेलं.

ज्ञानेश्वरीची कानशिलं तापली. या शाळेत तिला कॉमा मॅडम म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मुलांच्या वहीत एखादा कॉमा राहिला की तिथे लाल गोल पडायचा, वाक्याअखेर टिंब नसेल तर वही परत जायची. तिच्या वर्गाबाहेर इंग्रजी विरामचिन्हांचा मोठा रंगीत तक्ता होता, तिने स्वतः करून लावलेला. पालकांना जाणारी पत्रकं चुकांनी भरलेली असतात म्हणून गेल्याच महिन्यात मोनाली मॅडमनी तिला सगळ्या शिक्षकांचा तास घ्यायला लावला होता. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बायका पुढे बसून तिचं ऐकून घेत होत्या. पिशोरच्या धनगरवाड्यातून आलेल्या मुलीला हे मिळवायला किती वर्षं लागली, ते त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिने माहीत होऊ दिलं नव्हतं. आणि आता तिचा बाप माइकवर उभा राहून एकेक कॉमा मोठ्यांदा उच्चारत होता.

"ही वेअर्स नीट अँड क्लीन क्लोद्स फुलस्टॉप. ही गोज टू हिज ऑफिस ॲट टेन ओ ॲपॉस्ट्रॉफी क्लॉक..."

"फुलस्टॉप!" सातवीतली मुलं एका सुरात ओरडली.

कारभारींनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा उजळला. ओवी म्हणताना मागचे गडी शेवटचा शब्द उचलून झील धरतात, तसं काहीसं त्यांना वाटलं असावं. पुढच्या वाक्याच्या शेवटी ते स्वतःच थांबले, हात पुढे करून मुलांना जागा करून दिली. मुलांनी पुन्हा फुलस्टॉप म्हटलं. आजी-आजोबाही म्हणू लागले. पहिल्या रांगेतले एक आजोबा तर डोळे पुसत हसत होते. ज्ञानेश्वरीने हातातल्या प्रशस्तिपत्रांच्या गठ्ठ्याच्या कडा जुळवायला घेतल्या. त्या जुळलेल्याच होत्या.

आणि मग, कॉमांच्या त्या गदारोळात, मधले शब्द तिच्यापर्यंत पोचले.

माझे वडील बँकेत अधिकारी आहेत. ते उंच, देखणे आणि निरोगी आहेत. ते नीटनेटके, स्वच्छ कपडे घालतात.

हा तिचा निबंध होता. सातवीतला.

गावच्या शाळेत इंग्रजीला नानासाहेब मास्तर होते. त्यांची एक पद्धत होती: निबंध पाठ करायचा तो चिन्हांसकट. मुलं शब्द पाठ करतात आणि पेपरात टिंबं-स्वल्पविराम विसरून येतात, मग तपासणारे मार्क कापतात. म्हणून कॉमा तोंडाने म्हणायचा, फुलस्टॉप म्हणायचा, म्हणजे हात आपोआप लिहितो. ती युक्ती होती मात्र नामी. वर्गातली सगळी पोरं अशीच घोकायची आणि त्यांतल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गाइडमध्ये 'माय फादर'चे दोन निबंध होते. एकात वडील शेतकरी होते, दुसऱ्यात बँकेत अधिकारी. हवा तो घ्या, मास्तर म्हणाले होते. ज्ञानेश्वरीने दुसरा घेतला होता.

दिवाळीनंतर तिचे वडील मेंढरं घेऊन जे बाहेर पडायचे ते आठ महिने फिरतीवर. कुणाच्या तरी शेतात खतासाठी रात्री मेंढरं बसवायची, सकाळी पुढचा गाव धरायचा. मुलगी शाळेसाठी गावात, द्वारकाबाई आत्याकडे. पावसाळ्यात तेवढे ते घरी असत. त्या दिवसांत ती अंगणात येरझाऱ्या घालत निबंध घोकायची आणि ते ओट्यावर लोकरीचं सूत कातत बसलेले असायचे. त्यांना त्यातलं काही कळत असेल, असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

आता तिच्या लक्षात आलं. फादर म्हणजे बाप, एवढं तर हल्ली कुणालाही कळतं. पोरगी आपल्यावरच काहीतरी चांगलं म्हणतेय असं समजून या माणसाने ते सगळं पाठ करून ठेवलं होतं. इतकी वर्षं जपलं होतं. आणि त्यात तो कुठेच नव्हता. तिने त्याला घेतलंच नव्हतं. कॉमांची लाज केव्हाच मागे पडली. आता फक्त एकच धास्ती उरली, की या माणसाला त्याचा अर्थ कधी कळू नये.

"ही कम्स होम ॲट सिक्स ओ ॲपॉस्ट्रॉफी क्लॉक कॉमा अँड हेल्प्स मी इन माय स्टडीज फुलस्टॉप. आय ॲम प्राउड ऑफ माय फादर एक्सक्लमेशन मार्क."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोनाली मॅडम हसतच माइकपाशी आल्या. इतकं छान इंग्रजी कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. कारभारींनी हात लांब करून सातवीच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"हिनं," ते म्हणाले. "माझ्या पोरीनं."

सगळ्या माना वळल्या. पुन्हा हसू सुरू झालं, पण आता त्यात थोडी कुजबुज होती. मराठीच्या जोशी बाईंनी शेजारणीकडे बघितलं. ते बघणं ज्ञानेश्वरीने टिपलं आणि पुढचं तिच्या तोंडून कसं निघालं ते तिचं तिलाही कळलं नाही. ती भराभर पुढे गेली, मॅडमच्या हातातला माइक घेतला.

"इट वॉज अ जोक, मॅम," ती हसून म्हणाली. "माझ्या कॉमांची तुम्ही सगळे चेष्टा करता ना, म्हणून मी आणि आबांनी मुद्दाम ठरवून हा जोक केला."

सभागृहाने सुटकेचा श्वास सोडला आणि मनापासून टाळ्या वाजवल्या. काय सुंदर कल्पना, मोनाली मॅडम म्हणाल्या. जोशी बाईही हसल्या. कारभारींनी एकदा लेकीकडे बघितलं. मग समोर हात जोडले, मॅडमनी दिलेलं तुळशीचं रोप छातीशी धरलं आणि खाली येऊन चपला घातल्या.

कार्यक्रमानंतर शाळा सुटली. आबांना दुपारचीच गाडी पकडायची होती. राहा म्हणून ज्ञानेश्वरीने एकदा म्हटलं, जोर नाही दिला. नवरा रामेश्वर वाळूजला कंपनीत, त्याची दुसरी पाळी; तेव्हा स्टँडवर सोडायला तीच निघाली. रिक्षात मधे संस्कृती बसली. सिडकोपासून सेव्हन हिलच्या पुलापर्यंत ती आबांना आलेल्या टाळ्यांविषयीच बोलत होती. पुलाखालच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिने विचारलं, "आबा, तुम्ही आधी बँकेत होतात?"

कारभारी हसले. "तुझ्या मायला इचार. तिचंच हाय त्ये. सांग गं ज्ञानू, मराठीत सांग तिला काय हाय त्ये."

सिग्नल लवकर सुटेना. ज्ञानेश्वरीने पर्स मांडीवर सरळ केली.

"माझे वडील मेंढपाळ आहेत," ती म्हणाली. "ते उंच आणि काटक आहेत. दिवसभर डोंगरातून चालतात. ते आपल्या मेंढरांना नावानं ओळखतात." वर्गात कठीण धडा समजावताना यायचा तसा तिचा आवाज संथ येत होता. "त्यांच्या खांद्यावर घोंगडी असते. ते फिरतीवरून परत आले की घरात आनंद होतो. मला माझ्या वडिलांचा अभिमान आहे."

संस्कृती नर्सरीपासून इंग्रजी शाळेत होती. तिने आईकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि आईने तिचा हात दाबला तसं मिटलं. आई खोटं बोलते तेव्हा गप्प बसायचं, हे मुलांना फार शिकवावं लागत नाही. ती रिक्षाच्या दुसऱ्या बाजूला बघू लागली.

"चांगलं हाय," कारभारी म्हणाले.

पिशोरची गाडी फलाटाला लागलेली होती. संस्कृतीने धावत आत जाऊन खिडकीच्या जागेवर आबांचं उपरणं टाकलं आणि राखण करत तिथेच बसली. कारभारी खालीच रेंगाळले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ज्ञानू, ह्ये नवीन लिव्हलं का तू?"

"काय?"

"रिक्षात म्हनलं त्ये." ते फलाटावरच्या गर्दीकडे बघत बोलत होते. "नानासाहेब मास्तरांनी मला तवाच सांगितलं व्हतं. बाजारात भेटले व्हते, म्या इचारलं, पोरगी अंगनात काय म्हनत असती? त्यांनी समदं सांगितलं. वळीन वळ. बँकेतल्या सायबाचं हाय म्हनले."

शेजारून एक हमाल वाट मागत होता, ते ज्ञानेश्वरीला ऐकू आलं नाही.

"एक शेतकऱ्याचाबी व्हता म्हनं त्या पुस्तकात," ते म्हणाले. "पन तुला ह्यो आवडला."

त्यात कुठे टोचणी नव्हती. भाजीतलं मीठ थोडं कमी पडलं, असं सांगावं तसं ते सांगत होते. टोचून बोलले असते तर तिला निदान रडता तरी आलं असतं.

"मग पाठ कशाला केलंत, आबा?"

"पाठ कुठं केलं? तू रोज म्हनायची, म्या ऐकायचो." त्यांनी पिशवीचा बंद हाताला गुंडाळला. "तवा तू माझ्यासंगं लई बोलायची नाय. घरात आलो की आत्याच्या मागं जायची. मग जे म्हनायची त्येच कानात धरून बसायचो. मेंढरामागं एकला असलो की म्हनायचो. वाट सरायची."

"आणि आज?"

"आज समदे इंग्रजीतच बोलत व्हते. माझ्या आधीची म्हातारी बी फाडफाड बोलली. म्हनलं, आपुन घोंगडीचं सांगत बसलो तर मान्सं म्हनतील, बाईचा बाप अडानी हाय. तुझी मान खाली जाईल. मला येतंय त्येवढं तर म्हनावं." त्यांनी नव्या सदऱ्याची बाही उगाच झटकली. "त्ये कॉमा बोलायचे नसत्यात, व्हय ना? पोरं हसायला लागली तवा आदी वाटलं, खुश झाली. मंग तू माइक घेतला तवा कळलं."

तिने मान खाली घातली. बोलायला शब्द होते, सगळे होते, पण त्यांतला एकही तोंडात घेण्याची तिची लायकी उरलेली नाही असं तिला वाटत होतं. जोक हा शब्द त्यांना कळला नसेल, असं ती धरून चालली होती. स्वतःच्या बापाला तिने किती कमी धरलं होतं, आणि तेही आजच नव्हे.

"रडू नको," ते म्हणाले. ती रडत नव्हती. त्यांनी आधीच सांगून ठेवलं. "त्या सायबात वंगाळ काय नाय. मास्तरांनी सांगितलं तवा मला एकच लागलं. त्यो सांजच्याला घरी येतो, पोरीचा अभ्यास घेतो. मला नाय जमलं त्ये. सायब व्हनं तर माझ्या हातात नव्हतं, पन घरी यायला पायजे व्हतं."

"आबा, असं नका म्हणू."

"हाय त्ये हाय."

कंडक्टरने आत बसा म्हणून आवाज दिला. कारभारी गाडीत चढले, संस्कृती उपरणं त्यांच्या हाती देऊन खाली उतरली. खिडकीतून त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. ज्ञानेश्वरी खिडकीखाली उभी राहिली. तिला एक गोष्ट नक्की करायची होती: गाडी हलायच्या आत त्यांना सांगायचं, की उद्या मी शाळेत सगळ्यांसमोर खरं काय ते सांगेन. वाक्य तिच्या मनात तयार होतं. ती नुसती श्वास घेत होती.

"अय्या, मॅडम!"

सातवीतल्या तनुजाची आई होती. सासूला, भागूबाईंना, याच गाडीने कन्नडला पाठवायला आली होती. सकाळी दोघी सभागृहात पुढच्याच रांगेत होत्या. भागूबाई गाडीत चढून गेल्या तशी ती खिडकीजवळ आली आणि कारभारींना बघून तिला हसूच आवरेना.

"काका, काय भारी जोक केलात तुम्ही! आमची तनुजा अजून हसतीये. घरी फोन करून सगळ्यांना सांगितलं तिनं." ती ज्ञानेश्वरीकडे वळली. "मॅडम, तुम्ही इतक्या कडक, आम्हाला वाटलंच नव्हतं हं. खरंच ठरवून केलंत ना? जोशी बाई म्हणत होत्या, ठरवून-बिरवून काही नसेल, म्हाताऱ्याचा घोटाळा झाला असेल."

संस्कृतीने वर आईकडे बघितलं. सांगायची वेळ हीच होती. उद्याची वाट बघायची गरज नव्हती, माइकचीही नव्हती. समोर ऐकणारी एकच बाई होती आणि ज्याला ऐकू जायला हवं तो खिडकीत हाताच्या अंतरावर होता. ज्ञानेश्वरीने ओठ उघडले. जोशी बाईंचं सकाळचं ते बघणं तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"ठरवूनच की," खिडकीतून कारभारी म्हणाले.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. खिडकीची काच थरथरू लागली, तसे ते जरा पुढे वाकले आणि आवाज चढवून, तनुजाच्या आईला नीट ऐकू जावं म्हणून, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"पोरीनं शिकिवला अन् म्या म्हनला. घोटाळा कामून व्हईल? लई दिसापासून तयारी चालली व्हती आमची."

तनुजाची आई टाळी वाजवून हसली. गाडी मागे सरकली, वळली. कारभारींनी संस्कृतीला हात केला, तनुजाच्या आईला हात जोडले. ज्ञानेश्वरी तिथेच उभी होती. तिच्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.